फवाऱ्यातले बळ कुठे गळते?

दुधाची पिशवी घेताना आपण तारीख पाहतो. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी कापून मिळाली, तर मुदत कुठल्या तुकड्यावर राहिली, हे विचारतो. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये, असे घरातल्या लहानथोरांना बजावलेले असते. जंतुनाशकाची बाटली मात्र आपल्या लेखी अमर आहे. न्हाणीघराच्या फळीवर ती महिनोन् महिने उभी असते, निम्मी झाली की तिच्यात पाणी पडते आणि दांडा दाबल्यावर फवारा उडाला की आपले समाधान होते. फवारा उडाला म्हणजे जंतू मेले, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. आयुष्यातील बरीच वर्षे मी रसायनांची गुणवत्ता तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे एक गोष्ट मनावर ठसली. जंतुनाशक हे दगडमिठासारखे टिकाऊ नसते, ते दुधासारखे नाशिवंत असते. फरक इतकाच की दूध नासले तर फाटते आणि वास मारते. जंतुनाशक नासले तरी त्याचा रंग, फेस आणि पुष्कळदा वासदेखील कायम राहतो. नासल्याची खूण दिसत नाही, म्हणून ते वापरणारा निर्धास्त राहतो आणि खरा धोका या निर्धास्तपणातच आहे.

२०२० साली करोनाच्या साथीने फवाऱ्याची बाटली घराघरांत पोहोचवली. सोसायटीच्या दारापासून भाजीच्या पिशवीपर्यंत सर्वत्र फवारे उडाले. साथ ओसरली, पण बाटली राहिली. आज ती शाळेत, दवाखान्यात, उपाहारगृहात, व्यायामशाळेत आणि आपल्या ओट्याखाली आहे. म्हणून कारखान्यातून निघालेले बळ आपल्या फडक्यापर्यंत पोहोचते का आणि वाटेत कुठे गळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

थोडे मागे जाऊ. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवर होते, ते जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता. तरीही योग्य द्रव्य योग्य जागी नेमाने वापरले, एवढ्याने हा पालट झाला.

पुढे ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत आणली. १८६७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. हवेतूनच जंतू जखमेत पडतात, या समजुतीने त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा मारण्याचीही प्रथा पाडली. १८७१ साली बाल्मोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू त्यांनी कापले, तेव्हाही हा फवारा वापरला होता. सगळ्यांचे डोळे चुरचुरत आणि हात भाजत, तरी दृश्य मोठे प्रभावी होते. पण जखमेला जंतू मुख्यतः हातांनी, हत्यारांनी आणि कपड्यांनी पोहोचतात, हे हळूहळू ध्यानात आले. १८९० साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत खुद्द लिस्टर यांनी फवारा सोडून दिल्याचे जाहीर केले आणि त्याची शिफारस केल्याबद्दल खेदही व्यक्त केला. ज्याने फवारा लोकप्रिय केला, त्यानेच तो टाकला. त्यांचे जंतुनाशक निकामी नव्हते, मात्र त्याचा बराचसा भाग हवेत वाया जात होता.

आपल्याकडचा दाखला याहून बोचरा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. त्यानंतर गटारे धुण्यात आली, त्यांत कार्बोलिक ओतले गेले, घरांना चुना फासण्यात आला. माणसे बेजार झाली, पण प्लेग हटला नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. मारा झाला जमिनीवर आणि शत्रू बसला होता उंदराच्या केसांत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण या प्रकाराला तंतोतंत लागू पडते.

आता कारखान्यात येऊ. घरोघरी आणि नगरपालिकांत सर्वाधिक वापरले जाणारे एक जंतुनाशक म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचे ब्लीच. कॉस्टिक सोड्याच्या थंड ठेवलेल्या द्रावणात क्लोरीन वायू सोडून ते तयार होते. जन्मापासूनच ते अस्थिर असते. सांभाळले नाही तर त्याचे हळूहळू मीठ आणि क्लोरेट होऊन जाते आणि ही दोन्ही जंतुनाशक म्हणून निरुपयोगी आहेत. म्हणून चांगला कारखानदार त्यात थोडा कॉस्टिक सोडा मुद्दाम जास्त ठेवतो. तांबे, निकेल, लोखंड यांचे अंश मिसळू देत नाही, कारण या धातूंच्या संगतीत त्यातील प्राणवायू सुटून जातो. माल अपारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतो आणि वायू कोंडू नये म्हणून झाकणाला बारीक वाट ठेवतो. वाटेत होणारी घट धरून तो लेबलावरच्या आकड्यापेक्षा थोडे अधिक बळही भरतो.

एवढी काळजी घेतलेला कॅन मग ट्रकवर चढतो. ऊन, उकाडा आणि दिरंगाई हे त्याचे तीन वैरी. तापमान १० अंशांनी वाढले की या द्रव्याच्या नासण्याचा वेग साधारण तिपटीने वाढतो. म्हणजे २५ अंशांच्या गोदामात महिन्याभरात होणारी घट ३५ अंशांत दहा दिवसांत होते आणि ४५ अंशांत तीन-चार दिवसांत. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आठवा आणि पत्र्याच्या शेडमध्ये रचलेले कॅन डोळ्यांसमोर आणा. त्यातही गंमत अशी की द्रावण जितके कडक तितके ते लवकर नासते. कडक माल घेऊन वर्षभर साठवला तर बचत झाली, हा समज म्हणूनच फसवा आहे.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. फरशी, कडी-कोयंडे, टेबले यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या काळात ०.१ टक्के द्रावण सुचवले होते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर एक लिटर द्रावणासाठी २० मिलिलिटर ब्लीच आणि बाकी पाणी. पण उन्हात पडून ते ब्लीच अडीच टक्क्यांवर आलेले असेल, तर त्याच मापाने तयार झालेले द्रावण ०.०५ टक्के भरेल. माप बरोबर, मेहनत बरोबर, फक्त बळ निम्मे. आणि हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

बळ तपासण्याची शिस्त आपल्याला अपरिचित आहे, असे मात्र नाही. ती आपल्या खेड्यांतच आहे. विहिरीत किंवा टाकीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीला गावोगावी टीसीएल म्हणतात. ताज्या, चांगल्या पावडरीत वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश क्लोरीन मिळतो. पोते उघडे राहिले, दमट खोलीत पडले, की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. म्हणून टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर अयोग्य ठरते. शिवाय नळाच्या तोंडाशी पाण्याची ओटी चाचणी होते. थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोहोचला असे समजायचे. ही तपासणी सगळीकडे चोख होते असा दावा कुणी करणार नाही. पण तिच्यामागचा विचार शंभर नंबरी आहे. बळ कारखान्याच्या कागदावर मोजून भागत नाही, ते वापराच्या जागी मोजावे लागते. गावच्या विहिरीला जो नियम आहे, तो शहरातल्या रुग्णालयाच्या फवाऱ्याला का नसावा?

आता फिनेलकडे वळू, कारण मराठी घराची स्वच्छता त्याच्याशिवाय पुरी होत नाही. जंतुनाशकाची ताकद फिनॉलशी ताडून पाहण्याची पद्धत रिडील आणि वॉकर या दोघांनी १९०३ साली मांडली. आपल्या औषधविषयक नियमांतील ‘शेड्यूल ओ’ या परिशिष्टात काळ्या आणि पांढऱ्या फिनेलच्या प्रती याच गुणांकावर ठरवल्या आहेत. पहिल्या प्रतीला १८, दुसरीला १० आणि तिसरीला ५. म्हणजे दोन बाटल्यांचा वास सारखा असला, तरी एकीची ताकद दुसरीच्या तिपटीहून अधिक असू शकते. मग पाणी किती घालायचे, हे प्रतीवर अवलंबून असणार, हे ओघानेच आले.

दारावर येणाऱ्या पाच लिटरच्या बिनलेबलाच्या कॅनचे काय? पुष्कळ ठिकाणी गरजू कुटुंबे आणि महिलांचे बचत गट तयार अर्क आणून, त्यात पाणी मिसळून पांढरे फिनेल विकतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि नुसती फरशी पुसायला, वास यायला ते वाईट नाही. परंतु त्यात कोणता अर्क, किती प्रमाणात आणि कधी मिसळला, हे सांगता येत नसेल, तर त्याला जंतुनाशक म्हणणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बचत गटांना अर्क पुरवणाऱ्यांनी मिश्रणाचे प्रमाण आणि मुदत छापलेली लेबले सोबत दिली, तर त्या बायकांचा मालही खरा ठरेल आणि त्यांना भावही चांगला मिळेल.

बाटली घरात वा दवाखान्यात आली की गळतीचे आणखी काही मार्ग उघडतात. पहिला मार्ग पातळ करण्याचा. ब्लीचमध्ये पाणी घातले की त्याची क्षारता घटते. द्रावण अधिक चपळ होते, पण अल्पायुषीही होते. उजेड आणि पाण्यातला मळ त्याला खातात. म्हणून पातळ द्रावण रोजच्या रोज करावे आणि उरलेले ओतून द्यावे, हाच नियम.

दुसरा मार्ग आहे भर घालण्याचा. रिकामी होत आलेली बाटली न धुता तिच्यात नवे द्रावण ओतणे ही आपली सार्वत्रिक सवय आहे. १९३५ साली गेऱ्हार्ड डोमाक यांनी प्रकाशात आणलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या जातीची द्रव्ये आज कित्येक बिनवासाच्या फवाऱ्यांत असतात. ती त्वचेला आणि कपड्याला सौम्य आहेत, पण काही चिवट जंतू त्यांच्या पातळ द्रावणात चक्क तग धरतात. १९५१ साली लोबरी या ब्रिटिश संशोधकाने याच कुळातल्या सेट्रिमाइडच्या द्रावणात स्यूडोमोनास जातीचे जंतू सापडल्याची नोंद केली. त्यानंतरही रुग्णालयांतून असे प्रकार पुन्हा पुन्हा नोंदले गेले. जंतू मारायच्या बाटलीतच जंतूंनी बिऱ्हाड करावे, यापरते कुंपणाने शेत खाणे कोणते! उपाय फार साधा आहे. बाटली पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मगच भरा आणि भरल्याची तारीख लिहा.

तिसरा मार्ग फडक्याचा. हीच बेंझाल्कोनियमची द्रव्ये सुती कापडाला चिकटून बसतात, मग फरशीपर्यंत पोहोचते ते बरेचसे पाणीच. साबणाशीही त्यांचे हाडवैर आहे. साबणाचा फेस राहिलेल्या ओट्यावर ती मारली, तर दोघे एकमेकांना निकामी करतात. त्यामुळे आधी साबण, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी फवारा, हा क्रम मोडून चालत नाही.

चौथा मार्ग सर्वांत मोठा आहे, घाईचा. जंतू मरायला वेळ लागतो. द्रव्यानुसार तो अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत असू शकतो आणि तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो. आपण एका हाताने फवारतो आणि दुसऱ्या हाताने लगेच पुसतो. हे म्हणजे डाळ कुकरमध्ये ठेवून शिट्टीआधीच गॅस बंद करण्यासारखे आहे. अल्कोहोलचे उदाहरण बोलके आहे. ९५ टक्के अल्कोहोलपेक्षा ७० टक्के अल्कोहोल अधिक परिणामकारक असते, कारण जंतूंची प्रथिने गोठवायला थोडे पाणी लागते आणि पाण्यामुळे ते जरा सावकाश उडते. आणि त्याच अल्कोहोलच्या बाटलीचे झाकण सैल राहिले, तर बळ हवेत जाते.

पाचवा मार्ग मळाचा. सांडलेले दूध, थुंकी, रक्त, तेलकटपणा यांवर क्लोरीन मारला, तर तो आधी मळाशी झगडून संपतो. जंतू मळाच्या आड सुखरूप राहतात. म्हणून आधी धुणे, मग जंतुनाशक. किंबहुना निरोगी माणसांच्या घरात रोजच्या फरशीला साबण-पाणी आणि कोरडे फडके पुष्कळ झाले. कच्चे मांस कापलेला ओटा, आजाऱ्याची खोली, उलटी-जुलाब झालेले संडास अशा वेळीच जंतुनाशकाची खरी गरज असते.

बाटलीवरच्या ‘९९.९ टक्के’ या आकड्याचाही अर्थ समजून घ्यायला हवा. तो प्रयोगशाळेतील स्वच्छ पृष्ठभागावरचा, ताज्या द्रावणाचा आणि पूर्ण वेळ दिल्यानंतरचा आकडा असतो. आणि तरीही १० लाख जंतूंपैकी १००० उरतातच. अनुकूल उबेत आणि ओलाव्यात काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या गतीने हजारांचे पुन्हा दहा लाख व्हायला साडेतीन तासही लागत नाहीत. फवाऱ्यानंतर जागा कोरडी ठेवणे हेही जंतुनाशनच आहे, ते असे.

बळ टिकवण्याच्या नादात ते भलतीकडे उगारले जाऊ नये, हेही सांगायला हवे. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र झाले की विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही घातले तर दुप्पट स्वच्छ, ही कल्पना जिवावर बेतू शकते. अल्कोहोलचा फवारा गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ मारू नये. आणि जंतुनाशक माणसांवर तर कधीच फवारू नये. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर असे द्रावण मारण्यात आले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवरील फवारणीच्या विरोधात सूचना काढावी लागली. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही माणसांवर फवारा नको असे बजावले आणि खोल्यांतून नुसते फवारत सुटण्यापेक्षा जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, असा सल्ला दिला. लिस्टर यांनी १८९० साली जे ओळखले होते, ते आपण १३० वर्षांनी पुन्हा शिकलो.

या सगळ्या साखळीत शेवटची कडी कोण, याचा विचार केला की मला अस्वस्थ वाटते. कारखान्यात रसायनतज्ज्ञ असतो, खरेदी विभागात अधिकारी असतो, निविदेच्या कागदावर टक्केवारी असते. पण प्रत्यक्ष फवारा असतो रुग्णालयातल्या मावशींच्या हाती, सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हाती किंवा आपल्या घरी धुण्या-भांड्याला येणाऱ्या बाईंच्या हाती. त्यांना द्रावण किती पातळ करायचे हे कुणी सांगितलेले नसते. मापाचा पेला दिलेला नसतो, हातमोजे दिलेले नसतात. लेबल असते ते इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. आणि दहा मिनिटे थांबायची मुभा तर नसतेच, कारण पुढची खोली वाट पाहत असते. मग रुग्णाला संसर्ग झाला की बोल लागतो तो त्यांनाच. साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस सर्वांत अंधारात ठेवायचा आणि वर त्याच्याकडून चोख कामाची अपेक्षा करायची, हा न्याय नव्हे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. क्लोरीन मोजणाऱ्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात, त्या रुग्णालयांच्या आणि शाळांच्या भांडारात असाव्यात आणि द्रावण तयार झाल्यावर एक पट्टी बुडवून पाहावी. नगरपालिकांनी माल घेताना एकदा आणि वापरताना एकदा, असे दोनदा बळ तपासावे. वर्षाचा साठा एकदम घेण्याऐवजी तो हप्त्या-हप्त्याने, उन्हाळ्यात तर विशेष जपून घ्यावा. कारखानदारांनी बाटलीवर मराठीत, ठळक अक्षरांत चार गोष्टी छापाव्यात: बनल्याची तारीख, पाणी किती, थांबायचे किती आणि कशात मिसळायचे नाही.

घरी करायचे तर त्याहून सोपे. लहान बाटली घ्या, तारीख पाहून घ्या, सावलीत आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. माप घेऊनच पातळ करा. आधी धुवा, मग फवारा, मग थांबा. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना हे सगळे एकदा शांतपणे समजावून सांगा, हातमोजे द्या आणि थांबायला वेळही द्या.

स्वच्छतेचा वास विकत मिळतो, स्वच्छता मिळत नाही. कारखान्यातल्या तंत्रज्ञापासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या हातातले थोडे थोडे बळ सांभाळले, तरच ते शेवटच्या जंतूपर्यंत पोहोचते. मधली एक कडी निसटली, तर उरते ते केवळ सुगंधी पाणी. आणि सुगंधी पाण्याने आजवर कुठलाही रोग हटलेला नाही.